शेगडी घेण्यापूर्वी गॅस पाहा

सहलीला निघताना बूट कोणते, पाठपिशवी केवढी, यावर आपण तासन् तास वाद घालतो. रात्रीचा भात कशावर शिजवायचा हा प्रश्न मात्र ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणून सोडून देतो. ‘बघू’ म्हणजे रानातला लाकूडफाटा!

एका हिवाळ्यात आम्ही दादरा नगर हवेलीत वासोण्याकडून खानवेलच्या बाजूला मुक्कामाला गेलो होतो. मोठी शेकोटी केली, गाणी म्हटली. सकाळी डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी राखेकडे पाहून म्हणाली, “पोरांनो, एका रात्रीत जाळलंत ते माझं दोन दिवसांचं सरपण होतं.” आम्हांला उत्तर सुचले नाही. लाकूड फुकट असते हा शहरी माणसाचा समज आहे. त्याची किंमत कोणीतरी पायपीट करून भरत असते. तेव्हा सहलीच्या गटाने हलकी गॅसची शेगडी बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण कोणती? दुकानदार शेगडीचे गुण सांगतो. खरी मेख डबीतल्या गॅसमध्ये असते. डबीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ झाली तरच ज्योत पेटते. साधा ब्यूटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. वासोण्याच्या रानात किंवा सह्याद्रीत थंडीच्या रात्रीही पारा सहसा इतका उतरत नाही. तिथे स्वस्त ब्यूटेनची डबी आणि तिच्यावर बसणारी, शंभरेक ग्रॅम वजनाची शेगडी पुरे. जास्त पैसे मोजणे ही केवळ हौस होय.

हिमालयात हाच हिशेब उलटतो. पहाटेच्या गोठत्या थंडीत ब्यूटेनची डबी हलवली तर खळखळ ऐकू येते, पण ज्योत मिणमिणते. शिवाय वाफ होताना गॅस डबीलाच आणखी थंड करतो. म्हणून तिथे आयसोब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण घ्यावे. त्यातही प्रोपेन आधी संपतो आणि अर्धी डबी उरली असताना शेगडी रुसते. यावर उपाय म्हणजे नळीने जोडलेली, डबी उलटी ठेवता येणारी शेगडी. तिच्यात द्रवच नळीतून येतो आणि ज्योतीजवळच्या तापलेल्या नळीत त्याची वाफ होते. मात्र ती त्यासाठीच बनवलेली असावी. साध्या शेगडीची डबी उलटी केली तर भडका उडेल.

हिशेबासाठी एक आकडा ध्यानात ठेवा : वारा नसताना लिटरभर पाणी उकळायला साधारण पंधरा ग्रॅम गॅस लागतो. वाऱ्यात तो कितीतरी वाढतो. म्हणून आडोसा हवा. पण शेगडी डबीवरच बसत असेल तर चहूबाजूंनी पत्रा लावू नये, कारण डबी तापून फुटू शकते. थंड डबी कोमट पाण्यात ठेवावी, आगीवर कधीही धरू नये. रेल्वेत व विमानात गॅसची डबी नेण्यास मनाई आहे. तेव्हा ती पायथ्याच्या गावी मिळते का, याची चौकशी आधीच करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बाहेर कितीही गारठा असला तरी बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही.

कोणी म्हणेल, एवढा विचार केला तर सहलीची मजा काय राहिली? मला वाटते, परतताना मागे राख नसावी आणि बरोबरचे सगळे सोबती धडधाकट असावेत, यापरती मजा कोणती? गटाने वर्गणी काढून एक शेगडी घ्यावी, कुठे जायचे ते ठरवून डबी निवडावी. त्या म्हातारीचे सरपण तिच्या चुलीसाठी राहू द्यावे.