आधी पोटोबा! : बोनकोड्याला पाहुणे येणार



या वेळच्या टपालात एक जाडजूड पत्र निघालं. नवी मुंबईत कोपरखैरण्याला लागून बोनकोडे नावाचं गाव आहे ना, तिथून आलेलं. लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. ‘माझं नाव छापू नका हं!’ असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. पण तिचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असणार. ती लिहिते :

‘दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या मित्राच्या घरची मंडळी सोलापूरहून आमच्याकडे येणार आहेत. दोन दिवस राहतील. त्यांची मुलगी माझ्याच वयाची आहे. त्यांना कुठे न्यायचं आणि काय खायला द्यायचं? मी म्हणते, मॉलमध्ये जाऊन पिझ्झा खाऊ. आजी म्हणते, घरी तांदळाची भाकरी आणि सुकट करू. मला मात्र भीती वाटते. गेल्या वर्षी मी डब्यात सुकट नेली होती, तेव्हा मुलींनी नाकाला रुमाल लावले आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. तेव्हापासून मी डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजीच नेते. का, ते आजीला अजून सांगितलेलं नाही.’

मैत्रिणी, तुझं पत्र मी दोन वेळा वाचलं. पिझ्झ्याशी माझं काही भांडण नाही, मलाही तो आवडतो. पण पिझ्झा सोलापुरातही मिळतो! त्यासाठी त्यांनी एवढा रात्रभराचा प्रवास कशाला करायचा?

कुठल्याही नव्या गावी गेलं, की काय खायचं हे ठरवायला माझ्याकडे दोन साधे प्रश्न आहेत. पहिला : इथे आधीपासून कोण राहतं? दुसरा : मागाहून कोण आलं आणि कशासाठी आलं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की खायचे पदार्थ आपोआप सापडतात. चला, तुझ्याच गावाला हे प्रश्न विचारून बघू.

प्रश्न पहिला. नवी मुंबई ‘नवी’ आहे हे खरं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि हे शहर वसवायला सुरुवात झाली. पण बोनकोडे काही नवं नाही! शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतली मिळून ९५ गावं निवडली गेली, त्यांतलं हे एक. तेव्हा या पट्ट्यात भाताची शेतं होती, मिठाची आगरं होती आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी होती. राहणारे लोक मुख्यतः आगरी आणि कोळी. ‘आगरी’ हा शब्दच मुळी आगरावरून आला, असं मानतात.

आता आजीचं ताट डोळ्यांसमोर आण बरं. तांदळाची भाकरी आली शेतातून. चवीचं मीठ आलं आगरातून. सुकट आली खाडीतून. शेत, आगर आणि खाडी! म्हणजे तुझ्या आजीचं ताट हा जुन्या गावाचा नकाशाच झाला की नाही?

हा नकाशा जपून ठेवण्यासारखा आहे, कारण जमिनीवरचा नकाशा आता बदलला. शेतजमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. योग्य मोबदला मिळावा म्हणून गावकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. शेतं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. आजीच्या हातची भाकरी मात्र तशीच राहिली. आता सांग, ती लपवण्यासारखी गोष्ट आहे का?

आता तुझ्या भीतीकडे वळू. वास! सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, अगदी बारीक कोळंबीसारखा. पावसाळ्यात समुद्र खवळतो. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असते. मग घरात खायचं काय? म्हणून उन्हाळ्यातच मासळी वाळवून ठेवायची. उन्हानं तिच्यातलं पाणी उडून जातं. पाणी नसेल तर अन्न नासवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. फ्रीज नव्हते तेव्हाची ही युक्ती आहे, आणि तीही विजेच्या बिलाशिवाय!

वास येतो तो ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या पदार्थाचा. नाव केवढं लांबलचक! मासळीच्या अंगात मुळात असलेल्या एका पदार्थापासून तो तयार होतो. आंबट काही घातलं, की तो बांधला जातो आणि वास कमी होतो. आजी सुकटीत आमसूल किंवा चिंच घालते ना? आजीनं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसेल, पण प्रयोग मात्र अचूक करते.

आता प्रश्न दुसरा : मागाहून कोण आलं? तुझ्या गावापासून थोडं चाललं, की माथाडी कामगारांची घरं लागतात. माथ्यावर ओझं वाहतात म्हणून माथाडी. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत गोणी उचलणाऱ्या या कष्टकऱ्यांसाठी १९६९ साली महाराष्ट्रात खास कायदा झाला. त्यासाठी अण्णासाहेब पाटील झटले. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं वाशी-तुर्भ्याला आले. भाजी आणि फळांचा बाजार आला १९९६ साली. बाजारापाठोपाठ माणसं आली. त्यांतली कितीतरी कुटुंबं मूळची सातारा जिल्ह्यातली आणि आसपासची. त्यांनी सोबत काय आणलं? ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा!

म्हणजे एकाच कोपरखैरण्यात तांदळाची पांढरी भाकरी आहे आणि बाजरीची करडी भाकरीही आहे. मध्ये फक्त एक रस्ता. मग केरळ, तमिळनाडू, गुजरात, पंजाब अशा किती ठिकाणांहून लोक नोकरीधंद्यासाठी आले. वाशीत चक्कर मारली, की इडली, ढोकळा, छोले सगळं एका संध्याकाळी भेटतं.

दोन्ही उत्तरं मिळाली. चल, आता दोन दिवसांचा बेत आखू या.

पण थांब! बेताच्याही आधी एक काम. बाबांना फोन करून विचारायला सांग : पाहुणे मासळी खातात का? कुणाला कोळंबी-जवळ्याची अॅलर्जी आहे का? ही विचारपूस संकोचाची नाही, ती यजमानाची पहिली जबाबदारी. अॅलर्जीची कधी थट्टा करायची नाही, कारण तो त्रास जिवावरही बेतू शकतो. मासळी खात नसतील तरी हरकत नाही. त्याच तांदळाच्या भाकरीबरोबर वालाचं बिरडं वाढा. आजीला नक्की येत असेल.

पहिला दिवस. पाहुणे सकाळी थकून येणार. न्याहारीला घरीच गरम घावन आणि चहा. मग मोठ्यांबरोबर बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात जाऊन या. सोलापूरच्या मुलीनं सुरमई, पापलेट, जिवंत चिंबोऱ्या इतक्या जवळून पाहिल्या असतील का? तिला पाहू दे, नावं विचारू दे. नावं मात्र तू सांगायचीस हं! दुपारचं जेवण आजीच्या हातचं. संध्याकाळी भटकून झालं, की गरम वडापाव.

दुसरा दिवस. सकाळी मोठ्या माणसाचं बोट धरून तुर्भ्याच्या बाजारात चक्कर. तो घाऊक बाजार आहे. गोणी आणि पेट्यांचा व्यवहार, ट्रकांची ये-जा. तेव्हा वाटेत उभं राहायचं नाही, बाजूनं पाहायचं. सोलापुरी पाहुण्यांना तिथे आपल्याकडच्या कांद्याच्या गोणीही दिसतील! दुपारी एखाद्या साध्या खानावळीत भाकरी, पिठलं, ठेचा. खानावळ कशी निवडायची? जिथे काम करणारी माणसं रांगेत उभी असतात आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते, तिथे जायचं. संध्याकाळी वाशीत इडली-डोसा, किंवा तुझा तो पिझ्झा. झालं ना समाधान?

पोपटी राहिली म्हणू नकोस. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे मडक्यात भरून, पाण्याचा थेंब न घालता, भोवती जाळ करून भाजायची मजा थंडीतली. तेव्हा वालाच्या शेंगा भरतात. दिवाळीत ती घाई करायची नाही. पाहुण्यांना पुन्हा येण्यासाठी काहीतरी निमित्त शिल्लक ठेवावं.

आणि आता एक गुपित सांगते. त्यांना निघताना सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायला सांग. कडक भाकरी पाहिलीस कधी? ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी कुरकुरीत. ती दिवसेंदिवस टिकते. का टिकते? कारण तिच्यातलं पाणी काढून टाकलेलं असतं. अगं, सुकटीचीच युक्ती की! तिकडे पाऊस कमी, जळण कमी, प्रवास लांबचा. इकडे पावसाळ्यात खाडी-समुद्र बंद. दोन्हीकडच्या आज्यांनी आपापल्या अडचणीवर एकच उत्तर शोधलं. एका ताटात कडक भाकरी आणि सुकट शेजारी शेजारी ठेव. बघ, त्या दोघी बहिणी वाटतात की नाही!

नाकाला रुमाल लावणाऱ्या मुलींचं काय करायचं? त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. वास नवा असला, की माणूस दचकतं. तुलाही कुणाच्या तरी डब्यातला हिंग किंवा लसूण पहिल्यांदा उग्र वाटला असेल. पण दचकणं वेगळं आणि बाक बदलणं वेगळं. ज्यांनी बाक बदलला, त्यांनी हे वाचलं असेल तर त्यांना एवढंच सांगते : ‘मला हे आवडत नाही’ असं म्हणायला काहीच हरकत नाही. ‘शी!’ म्हणायला मात्र आहे. कारण ‘शी’ डब्याला म्हटलं, तरी ती लागते डबा करणाऱ्या हातांना.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलांचा डबा अचानक बदलला, नेहमीचा आवडता पदार्थ ‘नको’ झाला, तर ‘नखरे करतोस’ म्हणण्याआधी कारण विचारा. पुष्कळदा ते कारण जिभेवर नसतं, वर्गातल्या बाकावर असतं.

आणि मैत्रिणी, शेवटचं काम तुझं एकटीचं. पाहुणे यायच्या आधी एका दुपारी आजीजवळ बस आणि डब्याची गोष्ट तिला सांगून टाक. तिला वाईट वाटेल, थोडा वेळ. पण तुला आता तिचा पदार्थ आवडेनासा झाला, असं तिला वाटत राहणं जास्त वाईट, नाही का? मग तिच्याकडून भाकरी शिकून घे. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि तांदळाचं पीठ घालायचं, झाकून वाफ येऊ द्यायची आणि गरम असतानाच मळायचं. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यानं त्यातला स्टार्च फुगतो, म्हणून भाकरी तुटत नाही. पीठ हाताला चटके देतं, तेव्हा मळायचं काम आधी आजीचं, थापायचं तुझं. पहिली भाकरी गोल होणार नाही. महाराष्ट्राच्या नकाशासारखी होईल. होऊ दे! पाहुण्यांना तीच वाढ.

या आठवड्याचा गृहपाठ सगळ्यांना : तुमच्या गावाला तेच दोन प्रश्न विचारा. आधीपासून कोण राहतं, मागाहून कोण आलं? आणि दोघांच्या घरचा एकेक पदार्थ पोस्टकार्डावर लिहून पाठवा. बोनकोड्याच्या मैत्रिणीनं मात्र पोस्टकार्ड नको, मोठं पत्र लिहावं. सोलापूरची मुलगी काय म्हणाली, हे कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर आधी पोटोबा!