फुफीजानच्या छातीतले कबूतर

गेल्या हिवाळ्यात आमच्या फुफीजान मध्यरात्री उठून बसल्या. "बेटा, छातीत कबूतर कोंडल्यासारखं फडफडतंय," म्हणाल्या. आम्ही ओवा-पाणी दिले, पित्त असेल म्हटले. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा ठोके अगदी नियमित होते. घरात सगळे निश्चिंत झाले. दीड महिन्याने नाश्ता करताना त्यांच्या हातातला कप गळाला, तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे झाले. तासाभरात रुग्णालयात पोहोचलो म्हणून हात बराचसा परत आला. तिथे दुसऱ्या रात्री मॉनिटरवर ते कबूतर सापडले. त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना आपल्या शाळेच्या पुस्तकात कर्णिका म्हणतात. उजव्या कर्णिकेतल्या एका लहानशा केंद्रातून विजेची लाट निघते आणि ती पोहोचेल तसतसे स्नायू आकुंचन पावतात. ही वीज तारेतून येत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारे असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियमचे दार उघडले की लाट उसळते. मग कॅल्शियम आत येते. शेवटी पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी शांत होते. लाट गेल्यावर काही क्षण पेशी नवी लाट घेतच नाही. ही विश्रांती फार मोलाची, कारण तिच्यामुळेच लाट मागे फिरत नाही.

पोटॅशियमचे दार जास्त उघडे राहिले तर विश्रांती आखूड होते, आणि लाटा कर्णिकेतच गोल गोल फिरू लागतात. हे पहिल्यांदा स्पष्ट झाले ते चीनच्या शांडोंग प्रांतातल्या एका कुटुंबामुळे. त्या घरात चार पिढ्यांत हा आजार होता. २००३ साली 'सायन्स' नियतकालिकात त्याचे कारण छापून आले: केसीएनक्यू१ या जनुकात एकच बदल, आणि त्यामुळे दार गरजेपेक्षा जास्त काम करत होते. गंमत अशी की त्याच जनुकातले दुसरे बदल ते दार दुबळे करतात आणि त्यातून वेगळाच आजार होतो. दार कमी उघडले तरी पंचाईत, जास्त उघडले तरी पंचाईत.

अशी घराणी थोडी. बहुतेकांत वय, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइड किंवा झडपेचा आजार कारण असतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप अजूनही पुष्कळ दिसते. कर्णिका ताणली जाते, तिच्यात चट्टे पडतात आणि लाट रेंगाळते.

हे रेंगाळणे कागदावर दिसते. ईसीजीत उंच टोकाआधी एक बुटका डोंगर असतो, ती पी-लहर, म्हणजे कर्णिकेतली लाट. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. पी-लहर तीन चौकोनांच्या आत मावायला हवी. तिच्या सुरुवातीपासून पुढच्या टोकाच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर पाच चौकोनांहून जास्त असणे, किंवा मधेच कर्णिकेचे अवेळी ठोके वारंवार पडणे, हीदेखील धोका वाढल्याची खूण. डॉक्टरांनी फुफीजानचा जुना ईसीजी मागवला. पी-लहर जवळजवळ साडेतीन चौकोन रुंद. "एवढ्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही," ते म्हणाले, "पण फडफडीची तक्रार आणि ही लहर एकत्र पाहिली असती, तर होल्टर लावला असता." होल्टर म्हणजे चोवीस तास किंवा जास्त वेळ अंगावर राहणारा ईसीजी. फडफड येते नि जाते, ती दहा सेकंदांच्या कागदात कशी सापडणार? आणि आम्ही तर त्या तक्रारीचा उल्लेखही केला नव्हता. ओव्याने बरे वाटले होते ना!

कबूतर फडफडत असताना कर्णिका नीट आकुंचन पावत नाही. रक्त डाव्या कर्णिकेच्या खिशासारख्या कोपऱ्यात साचते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. फुफीजान ती बंद करायला निघाल्या होत्या, "आता तर बरी आहे" म्हणून.

आता रोज संध्याकाळी आम्ही त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजतो. आकडा महत्त्वाचा, पण ताल जास्त. आमच्या अब्बांनाही फडफडते, हे त्यांनी परवा पहिल्यांदा सांगितले. दोघे सख्खे भाऊबहीण. शनिवारी त्यांचा ईसीजी काढायचा आहे, आणि यावेळी तक्रार चिठ्ठीवर लिहून नेणार आहोत.