टर्बो बदलण्याआधी हवेची वाट तपासा

गाडीचा टर्बो घरच्या घरी बदलण्याची हौस अलीकडे वाढली आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून सामान आणायचे, मोबाईलवर चित्रफीत पाहायची, रविवारी बॉनेट उघडायचे आणि सोमवारी अर्धवट खोललेली गाडी मिस्त्रीच्या दारात ढकलत आणायची, असा हा क्रम आहे. “सामान मी आणलंय, तुम्ही फक्त बसवून द्या,” एवढेच गिऱ्हाईक म्हणते. मिस्त्री मजुरीकडे पाहून हो म्हणतो. या होकाराविषयी आम्हाला चार शब्द सांगायचे आहेत. पुढे काही बिघडले तर सामान कोणी आणले होते हे कोणी विचारत नाही. नाव मिस्त्रीचेच जाते.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. एक पंखा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले; तत्त्व आजही तेच आहे. लहान गाडीतला हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला किंवा त्यात कचरा आला की चांगल्यातला चांगला टर्बोही टिकत नाही.

आता नेहमीचे उदाहरण घ्या. फियाटने घडवलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये आणि टाटाच्या विस्टामध्येही होते. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर घरे चालतात. हे इंजिन ७५ अश्वशक्तीचे आणि ९० अश्वशक्तीचे अशा दोन रूपांत मिळे. ९० च्या टर्बोत धुराचा झोत कमी-जास्त करणारी हलती पाती असतात. म्हणून लोकांना वाटते, ९० चा टर्बो ७५ च्या गाडीला लावला की १५ घोडे फुकट मिळाले! तसे होत नाही. त्या पात्यांना हुकूम देणारा आणि त्या हवेच्या मापाने डिझेल सोडणारा गाडीचा संगणक वेगळा शिकवलेला असतो. हवा वाढली आणि डिझेल तेवढेच राहिले तर ओढ वाढत नाही. संगणकात फेरफार करून डिझेल वाढवले तर काळा धूर, तापलेले पिस्टन आणि दबलेला क्लच हा हिशेब मागाहून येतो.

हवा आत घेण्याच्या वाटेचेही तसेच आहे. कंपनीचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावला की आवाज झकास येतो. पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते, आणि टर्बोला तेवढे जास्त राबावे लागते. फिल्टरला तेल जास्त लागले असेल तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. थंड हवेसाठी पाईप बंपरपर्यंत खाली नेला तर पावसाळ्यात पाणी आत जाते. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर गाड्यांचे काय झाले हे मुंबईच्या गॅरेजवाल्यांना सांगायला नको.

आमच्या मते खरी गोम वेगळीच आहे. पुष्कळदा टर्बो मेलेलाच नसतो. इंटरकूलरकडे जाणारा होज चिरलेला असतो, क्लॅम्प ढिला असतो, फिल्टर धुळीने गच्च भरलेला असतो. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, शीळ घातल्यासारखा आवाज येतो. मालकाला वाटते टर्बो गेला, आणि एका होजच्या जागी हजारोंचा खर्च होतो. म्हणून फिल्टर बदलणे, होज हाताने दाबून पाहणे, क्लॅम्प आवळणे, वेळेवर ऑईल बदलणे ही कामे मालकाने घरी खुशाल करावीत. त्याच्या पुढचे काम हुन्नर असलेल्या हातांचे आहे.

टर्बो खरोखर गेला असेल तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. ऑईलची नळी काजळीने बुजलेली असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल. नळी बदलावी, ऑईल आणि फिल्टर नवे घालावेत, परतीची नळी मोकळी आहे ना ते पाहावे. ऑईलच्या तोंडाशी सिलिकॉन लावू नये. त्याचा तुकडा सुटून वाट बंद करतो. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑईल काढून टाकावे. ते इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन किल्ली काढल्यावरही सुसाट फिरत राहते, आणि अशा वेळी जवळ उभा असलेला शागीर्द कोणाचा तरी मुलगा असतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेली मूळ रचना मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. मूळ मापाचा टर्बो बसवणे ही दुरुस्ती आहे. मोठा बसवणे हा बदल आहे. हा फरक गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगावा.

आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना एवढीच विनंती आहे. तपासणीची मजुरी वेगळी घ्या आणि ती मागायला संकोच करू नका. गिऱ्हाइकाने आणलेले सामान बसवायचे असेल तर बिलावर तसे स्वच्छ लिहा. भंगारातला टर्बो मूळ मापाचा असला तरी दांडा हलवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि होज बदलून काम भागत असेल तर होजच बदला. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावालाही घेऊन येईल. धंद्याची बरकत अशाच गिऱ्हाइकांत असते.