परदेशची पदवी, स्वदेशचा परवाना

बारावीचा निकाल लागला कीं आमच्या देवळाली कॅम्पांतहि घरोघर एकच खल सुरू होतो: नाशकास आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे खरें, पण वैद्यकाची जागा न मिळाल्यास मुलास परदेशीं धाडावें काय? कोणी सुचवितो, प्रथम एका देशांत वैद्यकशास्त्राचा पूर्वाभ्यास करावा, नंतर दुसऱ्या देशांत पदवी घ्यावी. वाट सोपी दिसते. ती परत घरीं पोंचते कीं नाहीं, हें मात्र आधीं पाहावें.

कै. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या व ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास पदवीधर झाल्या. त्या परतण्यापूर्वींच कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती. आज क्रम उलट आहे. खरी कसोटी पदवीनंतर मायदेशीं लागते.

१८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणें अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा. तें सारें शिक्षण व पुढील १२ महिन्यांची उमेदवारी एकाच संस्थेंत व्हावी. दोन देशांत वांटलेला अभ्यास चालत नाहीं. त्या देशांतहि व्यवसायाची मुभा मिळण्याजोगी पदवी असावी. जाण्यापूर्वीं नीट परीक्षा, परतल्यावर येथील परीक्षा, आणि पुनः १२ महिन्यांची उमेदवारी आहेच.

म्हणून पालकांस विनंति कीं, बँकेंतील ठेव मोडण्यापूर्वीं हे नियम मुलास शेजारीं बसवून वाचावे. पांच-सहा वर्षांनीं ते कळले, तर ठेव परत येत नाहीं, आणि मुलाचीं वर्षें तर नाहींतच.