मडगार्डाला पुट्टी लावली म्हणजे दुरुस्ती झाली का?



या पेजवर टोमॅटो, कांदा आणि खतपाणी सोडून मी सहसा बाहेर जात नाही. पण पाऊस उघडत आलाय, गाड्या पासिंगला लागतील आणि दरवर्षीसारखी आपण तीच चूक करणार, म्हणून आज पिकअपच्या मडगार्डावर लिहितोय.

माझी पिकअप २०१२ ची. इंजिन धड आहे, चेसी धड आहे. पुढचं डावं मडगार्ड मात्र बांधाच्या दगडाला घासून चेपलेलं आणि चाकावरच्या कमानीची कड गंजून चाळणी झालेली. दोन वर्षांपूर्वी पासिंगच्या तोंडावर एका गॅरेजला टाकली. दोन दिवसांत गाडी चकाचक, बिल साडेसहा हजार. पोरानं फोटो काढून स्टेटसला ठेवला. मीही खूश.

पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. अंगठ्यानं दाबलं तर पापडासारखा तुकडा हातात. आत बघतो तर वर पुट्टी, तिच्याखाली जाळी आणि जाळीखाली माझाच जुना गंज जसाच्या तसा. तेव्हाच काम करायला पाहिजे होतं. पण तोडा चालू होता, म्हणलं हंगाम निघू दे.

एके दिवशी ७० कॅरेट टोमॅटो घेऊन नारायणगावला निघालो. वळणावर डावीकडून खर्रर्र आवाज आला. उतरून बघेपर्यंत लोंबणाऱ्या पत्र्यानं टायरची बाजू चिरलेली. गाडी हळू होती म्हणून निभावलं. शेजारी पोरगा बसला होता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. स्टेपनी टाकून मार्केटला पोचेपर्यंत लिलाव उरकत आलेले, मिळेल त्या भावात माल दिला. वर टायरचा खर्च झाला तो वेगळाच.

आता मला त्या गॅरेजवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत. मी त्याला काय सांगितलं होतं? "पासिंगपुरतं करून दे." त्यानं पासिंगपुरतंच केलं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग आलं, आणि आपण गाडी त्या एका दिवसासाठी नटवतो. मुळकूज लागलेल्या झाडावर वरून टॉनिक मारण्यातलाच हा प्रकार.

पोरगं म्हणालं, "आप्पा, नवीन घेऊ, फायनान्सवाले घरी येऊन कागद करतात." मी नाही म्हणलं. टोमॅटोच्या भावावर महिन्याचा हप्ता बांधायची माझी तयारी नाही. एका मडगार्डापायी धड इंजिनाची गाडी विकायची, हे मला पटत नाही.

आधी गावातल्या ट्रॉलीवाल्या फॅब्रिकेटरकडे गेलो. माणूस चांगला, पण साध्या काडीच्या वेल्डिंगनं एवढ्या पातळ पत्र्याला सांधा बसत नाही, भोकं पडतात. तो स्वतःच म्हणाला, हे माझं काम नाही. मग तालुक्याला एक म्हातारा डेंटर आहे, सीओटू वेल्डिंगवाला, त्याच्याकडे गेलो आणि दिवसभर तिथंच बसून राहिलो. (शेतकऱ्यानं बसून राहिलंच पाहिजे. मोटर भरताना बसतो ना आपण?)

त्यानं पहिली बॅटरीची केबल काढली, इंडिकेटरची वायर बाजूला घेतली आणि बोल्ट खोलून मडगार्ड खाली उतरवलं. आतल्या बाजूची कड दुमडलेली असते, त्या खाचेतून पाटीभर चिखल निघाला. किती हंगामांचा असेल कुणास ठाऊक! गंज तिथूनच लागतो. बाहेरून गाडी सुकते, आत ओल तशीच राहते.

मग ग्राइंडरनं गंजलेला भाग पार चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. मला वाटलं अर्धं मडगार्ड गेलं. २० गेज सीआर पत्र्याचा तुकडा कमानीच्या आकाराला वाकवून बसवला आणि लांब सांधा न ओढता लांब लांब टाके मारले. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून वेडावाकडा होतो. मी घरचा जीआय पत्रा नेला होता, तो त्यानं परत दिला. त्याचं जस्त जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो.

पुट्टी त्यानंही लावली बरं का, पण घासलेल्या धड पत्र्यावर, रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा कमीच. पुट्टी पाणी पिते. खाली गंज असेल तर ती ओल धरून ठेवते, एवढंच. मग आतून-बाहेरून प्रायमर, रंग आणि आतल्या बाजूला काळं अंडरकोटिंग. पहिल्यापेक्षा दीड हजार जास्त गेले.

मागच्या मडगार्डाला मात्र हात लावला नाही, ते सरळ नवीन घेतलं, कारण बोल्टाच्या जागाच उरल्या नव्हत्या. जिथं बोल्ट धरायला पत्रा नाही तिथं तुकडे जोडत बसण्यात मजुरी वाया जाते. आणि गंज केबिनच्या पायापर्यंत किंवा चेसीत गेला असेल तर मडगार्डाचं सोडा, आधी ते दाखवा.

मागचं कशानं गेलं? पोटॅशनं. हौद्याच्या फटीतून फाटक्या गोणीचं खत गळतं आणि मडगार्डाच्या पाठीवर साचतं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, म्हणून तर साहेब लोक द्राक्षाला ते नको म्हणतात. पत्र्यालाही ते सोसत नाही. आता खत आणलं की त्याच दिवशी हौदा धुतो आणि ड्रिपच्या नळीनं चाकाच्या कमानीत आतून पाणी मारतो. पाच मिनिटांचं काम आहे. बारा वर्षं केलं नाही.

उजव्या बाजूलाही कडेला फोड दिसतोय. कांदा लागण उरकली की गाडी त्याच डेंटरकडे नेणार आहे. तुमच्याकडं अशा कामाची मजुरी काय चाललीय, ते खाली लिहा.