स्टालिनकन्येचे सीमोल्लंघन

एखाद्या राज्यव्यवस्थेची पारख तिच्या घोषणांवरून करू नये. तिच्या सीमेवरील पहारेकरी कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहेत, ते पाहावे. बाहेरच्यांनी आत घुसू नये म्हणून सर्वच देश पहारा ठेवतात. आतल्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून शहराच्या मधोमध भिंत उभारण्याचा पराक्रम मात्र १९६१ साली बर्लिनमध्ये साम्यवाद्यांनी केला. ती ओलांडू पाहणाऱ्यांना आपल्याकडील पोथीनिष्ठ विचारवंत ‘भांडवलशाहीच्या झगमगाटाला भुललेले’ म्हणून निकालात काढत. परंतु ६ मार्च १९६७ रोजी दिल्लीतील चाणक्यपुरीत जे घडले, त्याचा असा निकाल लावणे त्यांनाही जमले नाही. त्या संध्याकाळी टॅक्सीने अमेरिकी दूतावासात आलेली एक्केचाळीस वर्षांची स्त्री होती स्वेतलाना, जोसेफ स्टालिनची एकुलती एक कन्या!

जिने क्रेमलिनच्या तटबंदीआड बालपण घालवले, तिला कशाची वाण होती? भाकरीची नव्हे, सत्याची. १९३२ साली तिच्या आईने आत्महत्या केली. सहा वर्षांच्या मुलीला आजाराचे कारण सांगण्यात आले. खरे काय ते तिला दहा वर्षांनी कळले, आणि तेही एका परदेशी नियतकालिकातून. तिच्या मावशीच्या यजमानांना १९४० साली गोळ्या घालण्यात आल्या आणि १९४८ साली मावशीही गजाआड गेली. स्वेतलानाचे ज्याच्यावर कोवळ्या वयात मन जडले, त्या चित्रपटलेखक कापलरची दहा वर्षे हद्दपारीत आणि श्रमछावणीत गेली. हुकूमशहाच्या घरात ही अवस्था, तर सामान्य शेतकऱ्याची काय असेल? सामुदायिक शेतीवर राबणाऱ्या या शेतकऱ्याला देशांतर्गत प्रवासाचे पारपत्र मिळण्याचा हक्कसुद्धा १९७४ साली मान्य झाला. ‘कामगार-शेतकऱ्यांचे राज्य’ ते हेच!

अशा या राज्यात १९६३ साली एका रुग्णालयात तिची गाठ एका भारतीयाशी पडली. ब्रजेश सिंह हे उत्तर प्रदेशातील कालाकांकरच्या राजघराण्यातले आणि विचाराने साम्यवादी. दोघांनी विवाह करायचे ठरवले. कायद्याचा अडसर नव्हता, होता तो सत्ताधाऱ्यांच्या मर्जीचा. पंतप्रधान कोसिजिन यांनी परवानगी नाकारली. ज्या पक्षावर ब्रजेश सिंह यांनी निष्ठा वाहिली, त्याच पक्षाच्या राज्यात आपल्या सहचारिणीला पत्नी म्हणण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही. ३१ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांचे मॉस्कोत निधन झाले.

सोव्हिएत निष्ठेचे असे फळ मिळालेले ते पहिले भारतीय नव्हेत. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अवनी मुखर्जी हे दोघे क्रांतिकारक रशियालाच आपली आशा मानून तेथे राहिले. १९३७ साली स्टालिनच्या यंत्रणेने दोघांनाही ठार केले. आमच्या कॉम्रेडांच्या हुतात्म्यांच्या यादीत ही नावे किती वेळा आढळतात?

ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन स्वेतलाना डिसेंबर १९६६ मध्ये भारतात आली. ज्या राजवटीने मंदिरे आणि चर्च यांना टाळी ठोकली, तिच्या संस्थापकांपैकी एकाची मुलगी एका साम्यवाद्याच्या अस्थी गंगेला अर्पण करण्यासाठी कालाकांकरच्या घाटावर आली, यातच त्या तत्त्वज्ञानाचा पराभव दडलेला आहे. गंगाकाठच्या त्या गावात ती रमली. तिला भारतातच राहायचे होते.

आणि इथेच आपल्या अभिमानाला ठेच लागते. रावणाच्या घरातून निघून आलेला विभीषण रामापुढे उभा राहिला, तेव्हा सुग्रीवाने शंका काढली. रामाने मात्र शत्रूच्या भावाला अभय दिले. शिबिराजाने कबुतरासाठी आपले मांस कापून दिले. आश्रितांना छाया देणाऱ्या या भूमीने पारशांना सामावून घेतले आणि १९५९ साली चीनच्या जाचातून सुटून आलेल्या दलाई लामांनाही आश्रय दिला. मग त्यानंतर आठच वर्षांनी एका निराधार स्त्रीसाठी दिल्लीचे दार का उघडले नाही? ब्रजेश सिंह यांचे पुतणे दिनेश सिंह परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री होते. तरीही इंदिरा गांधींचे सरकार मॉस्कोच्या नाराजीला भ्याले. अलिप्ततेचा डांगोरा पिटणाऱ्यांची अलिप्तता एका बाजूला किती कलली होती, हे त्या दिवसांत दिसले. डॉ. राममनोहर लोहियांनी संसदेत या प्रकरणी सरकारला जाब विचारला. परंतु जे द्यायचे ते वेळेवर दिले गेले नव्हते.

परतीच्या विमानाला दोन दिवस उरले असताना तिने निर्णय घेतला. राजदूत चेस्टर बोल्स यांनी त्याच रात्री तिला रोमला रवाना केले. तेथून ती स्वित्झर्लंडला गेली आणि २१ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कला पोहोचली. किंमत लहान नव्हती. मुलगा आणि मुलगी मॉस्कोतच राहिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनातून तिला जे धन मिळाले, त्यातून तिने कालाकांकरला ब्रजेश सिंह यांच्या स्मरणार्थ रुग्णालय उभारण्यास साहाय्य केले. ज्या देशाने तिला ठेवून घेतले नाही, त्याचे ऋण तिने फेडले.

डावे मित्र येथे एक हुकमी पान फेकतात: ‘पण ती १९८४ साली रशियात परतली ना!’ होय, परतली. अमेरिकेत तिला सुख लाभले असे कोणी म्हणणार नाही. विवाह मोडला, पैसा सरला आणि मुलांची ओढ होती. परंतु निघताना अमेरिकेने तिला अडवले नाही. उलट १९८६ साली पुन्हा रशिया सोडताना तिला गोर्बाचेव्ह यांच्याकडे अनुमती मागावी लागली. एका देशातून जाण्यासाठी तिची इच्छा पुरेशी होती. दुसऱ्यातून जाण्यासाठी सत्ताधीशाची कृपा लागली. सुख देण्याची हमी कोणतेही राज्य देऊ शकत नाही. दार उघडे ठेवणे मात्र प्रत्येक राज्याच्या हातात असते. २०११ साली विस्कॉन्सिनमध्ये तिचा अंत झाला, एका स्वतंत्र देशाची नागरिक म्हणून.

त्याच वर्षी बंगालमधील चौतीस वर्षांची डावी राजवट मतदारांनी संपवली. सोव्हिएत संघ तर १९९१ सालीच इतिहासजमा झाला होता. तरीही आपल्या विद्यापीठांत आणि व्यासपीठांवर त्या तत्त्वज्ञानाची आरती ओवाळणारे आहेत. अशा वेळी प्रत्येक कार्यकर्त्याने त्यांना शांतपणे एकच प्रश्न विचारावा: ज्या स्वर्गातून त्याच्या निर्मात्याची लेकही पळाली, तिथे आमच्या लेकीबाळींना तुम्ही कोणत्या तोंडाने बोलावता? आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: पुन्हा कोणी विभीषण आपल्या दाराशी आला, तर आपण सुग्रीवाच्या शंकेने वागणार की रामाच्या वचनाने?