परवचा बंद पडला, शिकवणी सुरू झाली

दिवेलागणीला घराघरांतून येणारा ‘बे एके बे’चा स्वर काही कुणी ठराव करून बंद पाडलेला नाही. तो आपोआप विरत गेला. आज कर्जत, नेरळ, खोपोलीच्या गल्ल्यांतून त्याच वेळी ऐकू येतात त्या मुलांना शिकवणीला सोडायला निघालेल्या दुचाक्या. दुसरीतल्या मुलाच्या पाढ्यांसाठी शुल्क मोजायचे आणि वर ‘त्याचे गणित कच्चेच आहे हो’ म्हणून हळहळायचे, हा प्रकार सुशिक्षित म्हणवणाऱ्या घरांतच अधिक.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की, मराठी संख्यानामे मुलांना जड जातात. भाषाभिमानाने आपण त्यांच्यावर तुटून पडलो. संख्यानामे टिकावीत हे आमचेही मत आहे; पण ती जड का जाऊ लागली, हा प्रश्न किती जणांनी स्वतःला विचारला? ‘तेवीस त्रिक एकोणसत्तर’ ज्याच्या कानावर शाळेआधीच पडले, त्याला एकोणसत्तर अडत नाही. दोष पुस्तकाच्या पदरात टाकून घर मात्र नामानिराळे राहिले.

पाठांतर म्हणजे पोपटपंची, असे आपल्याकडच्या विद्वानांनी ठरवून टाकले आहे. अर्थाशिवाय घोकणे व्यर्थ, हे मान्य. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे काय निरर्थक होते? याच तालुक्यांत सावकार धान्य दिडीने देत आणि चार मणांचे सहा मण वसूल करत. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या आणि शाळाही काढल्या, त्या या लुबाडणुकीतून सोडवण्यासाठी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले. दिडकी ज्याला येत नव्हती, त्याच्या कणगीला तळ उरत नव्हता.

आज सावकाराची वही गेली, सातबारा समोर आला. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, दलालाच्या तोंडी गुंठा आणि फार्महाऊसच्या जाहिरातीत चौरस फूट! गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, अर्थात १,०८९ चौरस फूट. आर त्याहून किंचित लहान. गुंठा आणि आर एकच समजून एकराचे ४० आर धरणाऱ्याचे सुमारे पाचशे चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा, कागदावरच नाहीसे होतात. खालापुरात, कर्जतमध्ये बापजाद्यांची जमीन विकणाऱ्याच्या घरात हा हिशेब तोंडी मांडणारा एक तरी मुलगा नको का?

‘वेळ कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. दोन ते तीस असे एकोणतीस पाढे. आठवड्याला एकच नवा पाढा घेतला तरी एकोणतीस आठवडे. वर्षाच्या बावन्नांतून मे महिना, गणपती, दिवाळी आणि परीक्षा वजा करूनही उजळणीला दहा-बारा आठवडे उरतात. रोज वीस मिनिटे: आधी जुने पाढे, मग नवा, शेवटी दोन तोंडी उदाहरणे. गुरुवारी अपूर्णांक, पण पाटीवर नव्हे. भाकरीचे चार भाग करून पाव आणि पाऊण हातात द्यावेत. रविवारी पोराला बाजारात न्यावे आणि अडीच किलो कांद्यांचे पैसे त्यालाच काढू द्यावेत. श्रावणात वीज गेली तरी काही बिघडत नाही. १९१५ पासून मुंबईला वीज पुरवणाऱ्या खोपोलीच्या परिसरातही ती जाते, हा भाग निराळा! परवच्याला ओठ आणि कान पुरतात. आजी-आजोबा घरी असतील, तर वेळापत्रक त्यांच्याच हाती सोपवावे; आमच्या पिढीला हे पाढे तेथूनच मिळाले.

उरला तो पहाटेच्या लोकलने शंभर किलोमीटर दूर मुंबईला जाणारा आणि रात्री उशिरा परतणारा बाप. बदलापूर सुटले की गाडी बरीच रिकामी होते. तेव्हा खिशातला दूरध्वनी काढावा आणि घरी विचारावे, ‘सतरा सत्ते किती रे?’